टेबलावरच्या 64 फिगर्स आणि एक मोडलेली तलवार

प्रश्न : मी 32 वर्षांचा असून सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करतो. व्हिडिओ गेमचे वेड लहानपणापासूनचे आहे. पहिली नोकरी लागली तेव्हा ताईने मला ‘झेल्डा’ या गेम-मालिकेतील लिंक या पात्राची फिगर, म्हणजे छोटी प्लास्टिकची मूर्ती, भेट दिली, कारण तो गेम आम्ही दोघांनी एकाच कन्सोलवर आळीपाळीने खेळून संपवला होता. तिथून सुरू झालेला संग्रह आता 64 वर गेला आहे. त्यांपैकी 19 फिगर्स ऑफिसातल्या टेबलावर आहेत : टक्स पेंग्विन, हिरवा अँड्रॉइड, गिटहबची ऑक्टोकॅट, एक रबरी बदक आणि इतर. बाकीच्या घरी काचेच्या कपाटात आहेत, आणि 11 तर अजून न उघडलेल्या खोक्यांत पडून आहेत. एकूण 26 फिगर्स एकाच मालिकेच्या ब्लाइंड बॉक्समधून, म्हणजे आत कोणती फिगर आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही अशा खोक्यांतून, आल्या. 12 जणांच्या त्या संचातील दोन अजूनही मिळालेल्या नाहीत.

पुढच्या महिन्यापासून आमच्या ऑफिसात कोणालाही कायमचे टेबल राहणार नाही. रोज संध्याकाळी जागा रिकामी करायची आणि सामानासाठी एक छोटा लॉकर. हे जाहीर करताना नवे मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, “म्हणजे या बाहुल्याही आता घरी जातील.” सगळे हसले, मीही हसलो. घरी पत्नी म्हणते, “विकून टाक सगळ्या, आपल्यापेक्षा यांनाच घरात जास्त जागा आहे.” गेल्या महिन्यात कपाट पुसताना तिच्या हातून लिंकची तलवार मोडली आणि मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. तशी ती फिगर आधीच चिकट झाली होती आणि पुढे झुकली होती. आता वाटते, सगळे विकून मोकळे व्हावे. हा छंद माझ्या वयाला शोभत नाही का?

उत्तर : सगळ्या विकून टाकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तो विचार संग्रहाचा कंटाळा आला म्हणून तुमच्या मनात आलेला नाही. चारचौघांत ऐकलेल्या एका वाक्यामुळे आला आहे. अशा मनःस्थितीत माणूस आवराआवर करू लागला की नेमकी तीच वस्तू आधी बाहेर जाते, जी गेल्याचे नंतर सर्वांत जास्त लागते. तुमच्या बाबतीत ती वस्तू कोणती, हे पत्रातच दिसते. चिकट झालेल्या, झुकलेल्या आणि तलवार मोडलेल्या लिंकला बाजारात आज कोणी विचारणार नाही, म्हणजे ती फिगर विकलीही जाणार नाही, सरळ कचऱ्यात जाईल. ती दुरुस्त होऊ शकते. कशी, ते मी शेवटी सविस्तर लिहिणार आहे.

आधी वयाचा प्रश्न. तुमच्या कपाटातले एखादे रिकामे खोके उलटून पाहा. जपानी कंपन्यांच्या बहुतेक फिगर्सच्या खोक्यावर ‘15 वर्षे व त्यापुढील’ अशा अर्थाची सूचना छापलेली असते, कारण त्यांचे भाग बारीक आणि टोकदार असतात. जी वस्तू लहान मुलांच्या हाती देऊ नये असे तिचा निर्माताच सांगतो, तिला लहान मुलांची बाहुली समजणे ही निव्वळ माहितीअभावी झालेली गल्लत आहे. मारिओ पहिल्यांदा पडद्यावर आला तो 1981 साली, ‘डाँकी काँग’मध्ये, पॅक-मॅन त्याच्या एक वर्ष आधीचा, तुमचा लिंक 1986चा आणि सोनिक 1991चा. पॅक-मॅनच्या यंत्रापुढे रांग लावणारी मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. ज्या पात्रांनी माणसाची कितीतरी वर्षे सोबत केली, त्यांच्यापैकी एखादे डोळ्यांसमोर असावेसे वाटणे कोणत्याही वयाला शोभते.

चांगली फिगर ही कारागिरीची वस्तू असते, हेही तुम्हाला ठाऊक असेलच, तरी या निमित्ताने पुन्हा एकदा जवळून पाहावे असे मी सुचवते. एक शिल्पकार मूळ नमुना घडवतो, पूर्वी हाताने आणि आता बहुधा संगणकावर. तो रंगवून पात्राच्या हक्कदारांकडून मंजूर करून घेतला जातो, मग धातूचे साचे तयार होतात, त्यांत मऊ भागांसाठी पीव्हीसी आणि ताठ राहायला हवेत अशा भागांसाठी एबीएस ही प्लास्टिके भरली जातात. डोळे सहसा ब्रशने रंगवलेले नसतात. सिलिकॉनच्या एका मऊ गादीवर शाई उचलून ती वक्र चेहऱ्यावर दाबली जाते, आणि या पद्धतीला टॅम्पो प्रिंटिंग म्हणतात. भिंग घेऊन तुमच्या लिंकच्या बुबुळाकडे पाहिलेत तर एकावर एक बसलेले रंगांचे थर दिसतील : खाली पांढरा, वर निळ्याच्या छटा, सर्वांत वर प्रकाशाचा एक ठिपका. त्यांतला एक थर जरी केसभर सरकला तरी फिगर तिरळी दिसते. नकली फिगर ओळखतानाही जाणकार आधी डोळेच पाहतात, त्यानंतर जोडांवरच्या फटी, उग्र वास आणि तळाशी असायला हवी ती हक्कांची नोंद. अनेक खोक्यांवर त्या शिल्पकाराचे नाव छापलेले असते. ज्या फिगर्स तुम्हाला खरोखर प्रिय आहेत, त्यांच्या शिल्पकारांची नावे एकदा वाचून घ्या. संग्रहाकडे पाहण्याची नजर त्याने बदलते, असा माझा अनुभव आहे.

ऑफिसातल्या फिगर्सची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण त्यांपैकी काही तर तुमच्या व्यवसायाच्याच खुणा आहेत. टक्स हा पेंग्विन लॅरी इविंग यांनी 1996 साली लिनक्स या संगणक प्रणालीसाठी काढला. अँड्रॉइडचा हिरवा रोबो आयरिना ब्लॉक यांनी रेखाटला, आणि श्रेय देऊन तो कोणीही वापरावा, बदलावा अशी मोकळीक गुगलने दिली. अँड्रयू बेल या कलाकाराने 2010 पासून तऱ्हेतऱ्हेच्या वेशांतल्या त्याच्या छोट्या फिगर्स बाजारात आणल्या. ऑक्टोकॅट हे गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाचे चिन्ह, त्याचे मूळ चित्र सायमन ऑक्सली यांचे. बदकाबद्दल मी काय सांगावे? कोड अडला की तो ओळीओळीने बदकाला समजावून सांगायचा आणि सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच सापडते, ही युक्ती 1999 साली प्रोग्रामिंगवरच्या एका पुस्तकातून प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर जगभरच्या संगणकांशेजारी रबरी बदके येऊन बसली. टेस्टिंग करणाऱ्या माणसाच्या टेबलावर बदक असणे हे शिंप्याच्या गळ्यात टेप असण्यासारखेच आहे. हे लिहीत असताना माझ्या मॉनिटरखालीही एक टक्स बसलेला आहे. त्याच्या चोचीचा पिवळा रंग एका बाजूने उडाला आहे, कारण विचार करताना मी नकळत अंगठ्याने तीच बाजू घासत असते.

मॅनेजरांच्या वाक्याबद्दल. ते तुम्हाला लागले, यात गैर काही नाही. मात्र त्यांनी ते तुमचा अपमान करण्यासाठी म्हटले की एक अप्रिय बातमी हलकी करण्यासाठी, हे पत्रावरून मला ठरवता येत नाही, आणि तुम्हालाही ते अजून ठाऊक नसावे. म्हणून त्यांच्याशी एकदा एकट्याने बोला. छंदाचे समर्थन करायला जाऊ नका, कारण समर्थन सुरू झाले की आपण आरोपी ठरतो. फक्त एवढेच विचारा की कामाच्या वेळेत सामायिक टेबलावर एखादी छोटी वस्तू ठेवायला आणि जाताना ती लॉकरमध्ये टाकायला हरकत आहे का. बहुतेक ठिकाणी नसते. संभाषण पुढे गेलेच, तर एक अभ्यास तुमच्या हाताशी असू द्या. एक्सेटर विद्यापीठातील क्रेग नाइट आणि ॲलेक्झांडर हॅसलम यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना चार प्रकारच्या कार्यालयांत काम करायला बसवले : एक अगदी रिकामे, एक रोपे आणि चित्रे मांडलेले, एक असे की ती रोपे आणि चित्रे ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे मांडावीत, आणि चौथे असे की मांडणी आधी स्वतः करायची आणि मग प्रयोगकर्त्याने येऊन ती बदलून टाकायची. सर्वाधिक काम झाले ते तिसऱ्या प्रकारात. चौथ्यात मात्र तीच रोपे, तीच चित्रे असूनही तो लाभ नाहीसा झाला. म्हणजे वस्तू किती आहेत यापेक्षा त्या आपण मांडल्या आहेत आणि त्या तशाच राहतात, याला महत्त्व आहे. तुम्हाला जे लागले ते कदाचित ‘बाहुल्या’ हा शब्द नसून दुसऱ्या कोणीतरी तुमची मांडणी एका वाक्यात मोडली, हे असावे.

त्यासाठी 19 फिगर्स लागत नाहीत. एक पुरते. रोज सकाळी एक फिगर बाहेर काढून ठेवायची, हवे तर दर सोमवारी दुसरी आणायची. ने-आण करण्यासाठी चष्म्याच्या घरासारखी कडक डबी घ्या, आत मऊ फोम ठेवा आणि फिगर आधी साध्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळा. फुगे असलेले प्लास्टिक थेट अंगाला लावून दिवसेंदिवस ठेवू नका. मऊ पीव्हीसीवर त्या फुग्यांचे गोल डाग उमटतात आणि ते सहसा जात नाहीत. तलवारी, काठ्या, शेपट्या असलेल्या फिगर्स घरीच राहू द्या. टक्स, अँड्रॉइड आणि बदक या कामासाठीच जन्मल्यासारखे गोल आहेत.

आता पत्नीचे म्हणणे. येथे मला तुमची बाजू घेता येत नाही. तुमचे पत्र मी तीनदा वाचले. त्यात फिगर्स घेतल्याचे तुम्ही लिहिले आहे, मोजल्याचे लिहिले आहे. पण त्या कधी तुम्ही पुसल्याचे, धुतल्याचे, एखाद्या खोक्यातून काढून मांडल्याचे कुठेच नाही. पुसण्याचा उल्लेख एकदाच आहे आणि त्या वेळी फडके तुमच्या पत्नीच्या हातात आहे. ज्या वस्तू तिने निवडल्या नाहीत, ज्यांची नावेही कदाचित तिला सांगितली गेली नाहीत, त्यांच्यावरची धूळ ती पुसत होती, आणि त्यांतल्या एकीची तलवार मोडली तेव्हा तिला दोन दिवसांचा अबोला मिळाला. लिंकची फिगर त्या दिवसाच्या कितीतरी आधीच चिकट झाली होती, झुकली होती. म्हणजे ती बरेच महिने आजारी होती आणि तुम्ही तिच्याकडे पाहिले नव्हते. तुमचा छंद वयाला शोभत नाही असे मला मुळीच वाटत नाही, पण संग्राहक म्हणवून घेणाऱ्याला ही हेळसांड शोभत नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते. पत्नीची माफी मागा, आणि आजपासून कपाटाची किल्ली, फडके आणि ब्रश तुमच्याकडे असू द्या. ‘विकून टाक’ या तिच्या शब्दांत किती भाग जागेचा आहे आणि किती भाग त्या दोन दिवसांचा, हे त्यानंतरच तुम्हाला कळेल.

जागेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो सोडवण्याची सुरुवात ब्लाइंड बॉक्सपासून करावी. 26 खोकी उघडून तुम्हाला 10 वेगवेगळ्या फिगर्स मिळाल्या आणि 16 दुबार आल्या. यात तुमचे नशीब खोटे नाही. गणितच तसे आहे. संचात 12 फिगर्स असतील आणि प्रत्येक सारख्याच शक्यतेने निघत असेल, तर पूर्ण संच जमवायला सरासरीने सुमारे 37 खोकी घ्यावी लागतात. संभाव्यताशास्त्रात हे कूपन जमवणाऱ्याचे कोडे म्हणून प्रसिद्ध आहे. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक खोक्यातून नवे काही निघते, म्हणून हात उत्साहाने चालतो; शेवटाकडे मात्र तोच उत्साह महाग पडतो. तुमच्या उरलेल्या दोन फिगर्सपैकी कोणती तरी एक मिळायला सरासरीने 6 खोकी आणि मग शेवटचीला आणखी 12, म्हणजे अजून 18 खोकी, ज्यांतल्या 16 पुन्हा दुबार असणार. त्यातही अनेक मालिकांत एखादी फिगर मुद्दाम दुर्मीळ ठेवलेली असते. तुमच्या राहिलेल्या दोन फिगर्सपैकी एक तशी असेल तर 18 हा आकडाही अपुरा पडेल. कधी मिळेल ते ठाऊक नसलेले बक्षीस माणसाला नियमित मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधिक काळ खेळवत ठेवते, हे वर्तनशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे आणि ही खोकी त्याच तत्त्वावर विकली जातात. म्हणून यापुढे त्या मालिकेचे एकही बंद खोके घेऊ नका. त्या दोन फिगर्स खरोखर हव्याच असतील तर उघडलेल्या स्थितीत थेट घ्या किंवा तुमच्याकडच्या दुबार फिगर्सच्या बदल्यात मिळवा. तुमच्यासारखेच 16 दुबार फिगर्स घेऊन बसलेले लोक पुष्कळ असतात. आणि त्या नकोच असतील, फक्त 12 चा आकडा पुरा व्हावा एवढीच ओढ असेल, तर संच अपुरा ठेवा. अपुरा संच कपाटात अगदी व्यवस्थित दिसतो.

उरलेल्यांतून निवड करताना एक सापळा ओळखून ठेवा. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना साधे कॉफीचे मग दिले आणि लगेच विचारले की हा कितीला विकाल. ज्यांना मग मिळाला नव्हता त्यांना विचारले की कितीला घ्याल. ज्यांच्या हाती मग आला होता त्यांनी सांगितलेली किंमत दुसऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. वस्तू आपली झाली की तिचे मोल आपल्याच डोळ्यांत वाढते. म्हणून फिगर हातात घेऊन ‘ही देऊ शकेन का’ असे विचारले तर उत्तर नेहमी नाहीच येणार. त्याऐवजी पत्नीला समोर बसवा आणि एकेका फिगरबद्दल तिला दोन-तीन वाक्ये सांगा : हे पात्र कोण, हा गेम मी कधी खेळलो, कोणाबरोबर खेळलो, कुठे अडलो होतो. जिच्याबद्दल सांगता सांगता तुम्ही दहा वाक्यांवर जाल ती ठेवायची. जिच्याबद्दल ‘ही ऑफरमध्ये होती’ यापलीकडे काही सुचणार नाही, ती दुसऱ्याच्या घरी अधिक सुखात राहील. न उघडलेल्या 11 खोक्यांपुरता माझा आग्रह थोडा कडक आहे : एक तर उघडा आणि मांडा, नाही तर तशीच द्या. बंद खोके बहुधा चांगल्या किमतीला जाते, पण केवळ त्या आशेने ते वर्षानुवर्षे ठेवू नका. लोकप्रिय फिगर्स कंपन्या पुन्हा पुन्हा बाजारात आणतात, आणि पुनर्निर्मिती जाहीर झाली की जुन्या दुर्मीळ फिगरची चढलेली किंमत उतरते. नेंडोरॉइड या मोठ्या डोक्याच्या, साधारण 10 सेंटिमीटर उंचीच्या फिगर्स 2006 पासून निघतात आणि त्यांच्याबाबत हे कितीदा तरी घडले आहे. शिवाय मऊ पीव्हीसीसाठी बंद खोके ही काही फार चांगली जागा नव्हे, ते का ते पुढे येईलच.

तुमच्या संग्रहात अमीबो असतील तर त्यांचा वेगळा विचार करा. निन्टेन्डोने 2014 साली आणलेल्या या फिगर्सच्या बैठकीत एनएफसी चिप, म्हणजे कन्सोलजवळ नेताच बिनतारी माहिती पोहोचवणारी चिप, असते आणि तिच्यावर काही गेमची माहिती लिहिलीही जाते, त्यामुळे विकण्याआधी कन्सोलच्या सेटिंग्जमधून ती माहिती पुसून टाका. ‘स्कायलँडर्स’ने 2011 साली खेळण्यातून पात्र गेममध्ये उतरवण्याची जी लाट आणली, तिच्यातला ‘डिस्नी इन्फिनिटी’ हा मोठा प्रकल्प 2016 साली बंद पडला. तशा फिगर्स तुमच्याकडे असतील तर त्या रूपासाठी ठेवा, उपयोगासाठी नको. बैठकीत दिवा लागणाऱ्या फिगर्समधली बॅटरी कपाटात ठेवण्यापूर्वी काढून घ्या, एवढे लक्षात असू द्या. गळलेली बॅटरी फिगरचा तळ खाऊन टाकते.

आता लिंककडे येऊ. चिकटपणा ही घाण नव्हे. पीव्हीसी मुळात कडक असते. तिला मऊ करण्यासाठी प्लॅस्टिसायझर नावाची द्रव्ये मिसळतात आणि काळ जाईल तशी ती हळूहळू पृष्ठभागावर येतात. उष्णतेने हे लवकर होते. बंद, हवा न खेळणाऱ्या जागेत ती वाफ बाहेर पडू शकत नाही आणि फिगरवरच साचून राहते. म्हणून घट्ट बसणाऱ्या काचेच्या कपाटाचे दार तुम्ही अधूनमधून थोडा वेळ उघडे ठेवायला हवे. कपाट खिडकीसमोर असेल तर ते हलवा. खिडकीची काच अतिनील किरणांचा एक भाग अडवते, सगळा नव्हे, आणि उरलेले किरण रंग फिका करायला पुरेसे असतात. ऑफिसात लॅपटॉपची गरम हवा जिथून बाहेर येते त्या बाजूला कोणतीही फिगर ठेवू नका.

धुण्यासाठी एका पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या, त्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे दोन-तीन थेंब टाका. फिगर बैठकीपासून अलग करा, पाण्यात हळू फिरवा, आणि केसांच्या बटा, पट्ट्यांच्या खाचा, बोटांमधल्या फटी मेकअपच्या मऊ ब्रशने साफ करा. टूथब्रश नको, त्याने रंगाच्या कडा उडतात. थिनर, ॲसिटोन, स्पिरिट यांतले काहीही जवळ आणू नका, ती रंग आणि प्लास्टिक दोन्हींना अपाय करतात. स्वच्छ पाण्यातून काढून मऊ कापडावर आडवी ठेवा आणि सावलीत पुरती वाळू द्या. चिकटपणा काही महिन्यांनी पुन्हा येऊ शकतो. तेव्हा पुन्हा धुवायचे. यात कायमचा इलाज असा नाही, निगा आहे.

झुकण्याचा दोष बहुतेक वेळा घोट्यात असतो, कारण सगळे वजन तिथल्या बारीक पीव्हीसीवर येते. धुतल्यानंतर उकळत्या नव्हे, पण हात लावताच चटकन मागे घ्यावा एवढ्या गरम पाण्यात फक्त पाऊल आणि घोटा मिनिटभर धरा. वाफ चेहऱ्याला लागणार नाही याची काळजी घ्या. बाहेर काढून घोटा बोटाने चाचपा; तो रबरासारखा वाकू लागला की फिगर सरळ करा, किंचित मागच्या बाजूला, कारण थंड होताना ती थोडी परत येते. त्याच स्थितीत धरून लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवा आणि सावकाश शंभरपर्यंत मोजा. पहिल्या खेपेला पुरेसे वाकले नाही तर जोर लावू नका, पाणी पुन्हा गरम करून दुसऱ्यांदा करा. जोर लावला की पाऊल बैठकीच्या खुंटीपाशी फाटते आणि मग ते सांधणे कठीण.

तलवारीसाठी मोडलेली दोन्ही तोंडे आधी कोरडी जुळवून पाहा, म्हणजे कोणती बाजू वर आहे ते कळेल. नुसत्या गोंदाने जोडलेली तलवार पुढच्या वेळी तिथेच मोडते, म्हणून मॉडेल बनवणारे लोक करतात तसे करा : हाताने फिरवायच्या बारीक गिरमिटाने दोन्ही तुकड्यांच्या मध्यात अर्धा मिलिमीटर जाडीचे उथळ छिद्र पाडा, त्यात तेवढ्याच जाडीच्या तारेचा छोटा तुकडा बसवा आणि मग टाचणीच्या टोकाने सायनोॲक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एकच ठिपका लावा. जास्त गोंद लावला तर आजूबाजूच्या रंगावर पांढुरकी झाक येते. फिगर रात्रभर उघड्यावर ठेवा. हे काम दोन हातांचे नाही, तिसरा हात लागतोच : एकाने तुकडे धरायचे आणि दुसऱ्याने गोंद लावायचा. पत्नीला बोलवा.

घोटा सरळ झाला तरी त्याची ताकद आता पूर्वीची राहिलेली नाही. कमरेला मागून आधार देणारी पारदर्शक काठी असलेली स्वतंत्र बैठक मिळते, ती लिंकला लावा. समोरून पाहिल्यास ती दिसत नाही. पहिले दोन आठवडे रोज एकदा बाजूने पाहा, आणि पाठ व काठी यांच्यामध्ये फट पडू लागली आहे असे दिसले तर काठी एक खाच खाली घ्या.